कोर्ट आधी ठरवा, कॉलेज नंतर: सीमाभागातल्या मुलामुलींसाठी वकिलीची वाट

सेकंड पीयूचा किंवा बारावीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांतून विचारणा सुरू होते, ‘वकिलीसाठी कुठली एन्ट्रन्स द्यायची?’ विचारायलाच हवं, पण त्याच्या आधी आणखी एक गोष्ट ठरायला हवी. काळा कोट घालून तुम्हाला उभं कुठल्या कोर्टात राहायचं आहे?

नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या मुलाला हा विचार करावा लागत नाही. त्याचं कॉलेज, कोर्ट, कोर्टाची भाषा आणि जातीचा दाखला एकाच राज्यात असतात. आपल्याकडे घरात मराठी, तालुका कोर्टात कन्नड, उच्च न्यायालयात इंग्रजी आणि काका-मामा कोल्हापुरात. कॉलेज निवडताना हे ध्यानात घेतलं नाही, तर पाच वर्षांनी पदवी हातात असते आणि कुठल्या दारात उभं राहायचं ते कळत नाही. म्हणून मी सगळ्यांना शेवटापासून उलटं मोजायला सांगतो.

कोर्टांचा नकाशा

बेळगावात जिल्हा व सत्र न्यायालय आहे. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, गोकाक, रायबाग, बैलहोंगल अशा ठिकाणी तालुका पातळीवरची कोर्टं आहेत. इथल्या निकालावरचं अपील पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाकडे जातं. हे खंडपीठ जुलै २००८ मध्ये फिरतं म्हणून सुरू झालं आणि ऑगस्ट २०१३ मध्ये कायम झालं. बेळगावाहून साधारण ८० किलोमीटर. सकाळी निघून काम उरकून रात्री घरी जेवायला येता येतं. त्याआधी प्रत्येक रिटसाठी, म्हणजे सरकारी आदेशाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात करायच्या अर्जासाठी, बेंगळूर गाठावं लागायचं. कारवार, हल्याळकडची मंडळीही धारवाडलाच येतात. बिदर, भालकी, औराद, बसवकल्याणकडच्यांसाठी मात्र कलबुर्गी खंडपीठ.

दूधगंगेचा पूल ओलांडला की चित्र वेगळं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, कामाला लागलं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची कामं तिथे चालतात. याचा अर्थ असा, की निपाणीच्या मुलाला आज दोन उच्च न्यायालयांची खंडपीठं एका दिवसाच्या अंतरात आहेत. ही सोय आमच्या पिढीला नव्हती.

तिसरा पर्याय बेंगळूर, मुंबई किंवा दिल्लीतल्या मोठ्या फर्म आणि कंपन्यांचे कायदा विभाग. तिथे काम जवळपास सगळं इंग्रजीत आणि कॉलेजचं नाव फार बघितलं जातं.

एवढं वाचून लगेच निर्णय होणार नाही. त्यासाठी सुट्टीत आठवडाभर जवळच्या कोर्टात जाऊन बसा. काही थोडी प्रकरणं बंद दाराआड चालतात, बाकी न्यायालय खुलं असतं. मागच्या बाकावर शांत बसणाऱ्याला कोणी हटकत नाही. फोन बंद, कपडे साधे. सकाळी बोर्डावर काय लागलंय ते वाचा, एक उलटतपास पुरता ऐका. बऱ्याच मुलांना सिनेमातलं कोर्ट आवडलेलं असतं. खऱ्या कोर्टात दिवसभरात चाळीस तारखा पडतात आणि त्यातली दोन कामं चालतात. हे बघूनही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं, तर पुढचं वाचा.

कन्नडचं काय करायचं?

या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घराघरात यावर भावना तीव्र असतात आणि त्यात मुलाचं नुकसान होतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या कोर्टात वकिली करायची असेल तर कन्नड वाचता, लिहिता आणि बोलता यायला हवं. ‘समजतं’ एवढ्यावर भागत नाही. पोलिसांचा एफआयआर कन्नडमध्ये असतो, पंचनामा कन्नडमध्ये, तहसीलदाराचा आदेश कन्नडमध्ये, साक्षीदाराची जबानी बहुधा कन्नडमध्ये उतरते. उलटतपासात साक्षीदाराने वापरलेला एक शब्द तुमच्या अशिलाचा दावा वाचवू शकतो. तो शब्द टंकलेखकाने नीट उतरवला की नाही, हे तुम्हालाच तिथल्या तिथे बघावं लागतं. मुन्सफ म्हणजे सिव्हिल जज व्हायचं असेल तर कर्नाटकच्या परीक्षेत इंग्रजी-कन्नड भाषांतराचा पेपर असतो.

भाषेचं राजकारण आणि भाषेचं कौशल्य या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो, खानापूरच्या शेतकऱ्याचा मनाई अर्ज चालवताना त्याला कन्नड येणारा मराठी वकील हवा असतो. तो आपलं दुखणं मराठीत सांगतो आणि तुम्ही ते कोर्टाच्या भाषेत मांडता. सीमाभागातल्या वकिलाची खरी किंमत इथेच आहे, आणि बेंगळूरहून आलेल्या हुशार वकिलाला ती सहज मिळवता येत नाही.

मराठी माध्यमात शिकलेल्यांनी घाबरू नये. शाळेत कन्नड विषय होताच, अक्षरं ओळखीची आहेत. कोर्टातले कितीतरी शब्दही ओळखीचे निघतात: दावा, अर्जी, जामीन, कैफियत, वकील. रोज एक कन्नड वर्तमानपत्राचं पान, आणि घरातल्या शेतीचा उतारा, वीजबिल, ग्रामपंचायतीची पावती असं काहीतरी मोठ्याने वाचायचं. बारावीनंतरच्या सुट्टीत सुरुवात केली तर लॉच्या दुसऱ्या वर्षापर्यंत हात बसतो.

मराठीलाही गंज चढू देऊ नका. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्यामुळे जमिनीची जुनी खरेदीपत्रं, गहाणखतं, वाटणीपत्रं मराठीत, आणि त्याहून जुनी मोडीत सापडतात. बिदरकडे निजामाच्या काळातले महसुली कागद उर्दूत असतात. वतनाच्या किंवा कुळाच्या जमिनीचा वाद आला की हे कागद बाहेर निघतात आणि वाचणारा माणूस शोधत फिरावं लागतं. मोडी शिकलेला तरुण वकील आज दुर्मीळ आहे. ज्याला लिपीची आवड आहे त्याने ही गोष्ट मनावर घ्यावी.

तीन वर्षं की पाच?

बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम असतो: बीए एलएलबी, बीबीए एलएलबी, बीकॉम एलएलबी वगैरे. कुठलीही पदवी झाल्यावर तीन वर्षांचा एलएलबी. दोन्हींनंतर मिळणारी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, सारखीच आहे, कोर्टात कोणी विचारत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार आधीच्या परीक्षेत सर्वसाधारण गटाला ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. शाखेची अट नाही. सायन्सवाल्यांनीही यावं, पेटंट, सायबर आणि न्यायवैद्यक पुराव्याच्या कामात त्यांचा उपयोग होतो.

माझं मत विचाराल तर, वकीलच व्हायचं हे सतराव्या वर्षी पक्कं असेल आणि घरची परिस्थिती पाच वर्षं थांबण्याजोगी असेल, तर पाच वर्षांचा कोर्स घ्या. एक वर्ष वाचतं. मन दोलायमान असेल तर आरपीडी, भाऊराव काकतकर, ज्योती अशा कॉलेजातून साधी पदवी घ्या, त्या काळात कोर्ट बघा, स्पर्धा परीक्षा द्या आणि मग तीन वर्षांचा लॉ करा. बीकॉम करून आलेली मुलं जीएसटी आणि बँकांच्या वसुलीच्या कामात लवकर कमावती होतात, हेही खरं.

दोन सापळे सांगून ठेवतो. पहिला म्हणजे पत्राने किंवा घरबसल्या मिळणारी लॉची पदवी. तिच्यावर सनद मिळत नाही. एलएलबी नियमित वर्गात बसूनच करावं लागतं, दांडी मारून फक्त परीक्षेला जाण्याचा मार्ग नियमांत नाही. दुसरा सापळा मुक्त विद्यापीठाचा आहे. दहावी-बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठातून बीए केलं असेल तर अडचण नाही. बारावी न करता, वयाच्या आधारावर थेट बीएला बसलेल्यांना मात्र लॉला प्रवेश मिळत नाही. नोकरी करणारे बरेच जण इथे अडतात. फी भरण्याआधी तपासा.

वय जास्त झालंय असं वाटणाऱ्यांसाठी: राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेला, म्हणजे क्लॅटला, कमाल वयोमर्यादा नाही, आणि तीन वर्षांच्या वर्गात दोन मुलांची आई किंवा निवृत्त सुभेदार बाकावर शेजारी बसलेले दिसणं आपल्याकडे नवं नाही.

प्रवेशाचे तीन रस्ते

बेळगावातच शिकायचं असेल तर टिळकवाडीतलं राजा लखमगौडा लॉ कॉलेज हे जुनं नाव. कर्नाटक लॉ सोसायटीने १९३९ मध्ये ते सुरू केलं. १९८९ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झालेले ई. एस. वेंकटरामय्या इथे शिकले होते. केएलई संस्थेचं बी. व्ही. बेल्लद लॉ कॉलेज हा शहरातला दुसरा पर्याय. ही कॉलेजं हुबळीच्या नवनगरातल्या कर्नाटक राज्य कायदा विद्यापीठाशी संलग्न आहेत. हे विद्यापीठ २००९ मध्ये झालं. प्रवेश साधारणपणे आधीच्या परीक्षेच्या गुणांवर होतो, मोठी एन्ट्रन्स नसते. उत्तरपत्रिका इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहिता येते, मराठीत नाही. चंदगड, आजरा, गडहिंग्लजकडून येणाऱ्यांनी विद्यापीठाचं पात्रता प्रमाणपत्र आणि आधीच्या बोर्डाचा किंवा विद्यापीठाचा स्थलांतर दाखला पहिल्याच महिन्यात उरकावा. तो राहिला की परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते.

महाराष्ट्रात जायचं असेल तर राज्याच्या सीईटी सेलची लॉ सीईटी द्यावी लागते, पाच वर्षांची वेगळी आणि तीन वर्षांची वेगळी. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडू नका. आपल्याला सर्वांत जवळचं नाव कोल्हापूरचं शहाजी लॉ कॉलेज, १९३३ पासूनचं. पुण्यात आयएलएस १९२४ चं, मुंबईत शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं. महाराष्ट्रातल्या अनेक विद्यापीठांत उत्तरं मराठीत लिहिता येतात. मोह होतो, पण जमेल तेवढं इंग्रजीत लिहा. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे आणि ती सवय तिसऱ्या वर्षी अचानक लागत नाही.

महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या ८६५ गावांचा उल्लेख तुम्ही ऐकला असेलच. महाराष्ट्राच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशांत ‘विवादित सीमाभाग’ अशी वेगळी वर्गवारी असते. सीमाभागातल्या मान्यताप्राप्त शाळेतून दहावी किंवा बारावी झालेली असावी आणि मातृभाषा मराठी असावी, असा तिचा गाभा. ज्या वर्षी अर्ज कराल त्या वर्षीच्या लॉच्या माहितीपुस्तिकेत ती वर्गवारी, तिचा नमुना-दाखला आणि सही कुणाची चालते हे आधी शोधा. कोणीतरी सांगितलं म्हणून खूण करू नका.

तिसरा रस्ता राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा, त्यासाठी क्लॅट. परीक्षा बहुधा डिसेंबरमध्ये होते, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्या आधीच. बारावीच्या निकालानंतर क्लॅटची चौकशी करायला येणारे एक वर्ष हुकलेले असतात. १२० प्रश्न, दोन तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेशीर तर्क, सामान्य तर्क आणि थोडं दहावीच्या पातळीचं गणित. प्रश्न उताऱ्यांवर असतात आणि परीक्षा फक्त इंग्रजीत. कायद्याचं पाठांतर तपासलं जात नाही. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तो प्रसंगाला लावायचा असतो. त्यामुळे अकरावीपासून रोज इंग्रजी वर्तमानपत्राचा अग्रलेख घड्याळ लावून वाचायचा आणि चार ओळींत त्याचा मुद्दा लिहायचा, ही तयारी कुठल्याही महागड्या क्लासइतकी कामाची आहे. आदल्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

बेंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये कर्नाटकात किमान १० वर्षं शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी २५ टक्के आडवं, म्हणजे प्रत्येक गटाच्या जागांच्या आतच मोजलं जाणारं, आरक्षण आहे. अट कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकण्याची आहे, म्हणजे खानापूरच्या मराठी शाळेतली वर्षंही त्यात धरता येतात. आपली मुलं या गोष्टीकडे बघतच नाहीत. तिथला तीन वर्षांचा एलएलबीही आता सुरू झालाय. त्यासाठी क्लॅट लागत नाही, विद्यापीठाची स्वतःची परीक्षा असते.

दाखल्यांची फाईल

हा भाग कंटाळवाणा आहे, पण सीमाभागात प्रवेश इथेच जातात. एका राज्याचा जातीचा दाखला दुसऱ्या राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. मराठा समाज कर्नाटकात मागासवर्गीयांच्या ३ब गटात आहे, महाराष्ट्रात एसईबीसी म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गात. बेळगावच्या तहसीलदाराचा ३ब चा दाखला घेऊन कोल्हापुरात एसईबीसीची जागा मागता येत नाही. नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्क्सकार्डावर, आधारवर आणि दाखल्यावर एकच हवं. मराठीतलं आडनाव कन्नडमध्ये आणि तिथून इंग्रजीत जाताना पार बदलून येतं, आणि सनदेच्या वेळी त्यासाठी प्रतिज्ञापत्रं करत बसावी लागतात. दहावीनंतरच्या सुट्टीत हे दुरुस्त करून घ्या.

शिकत असताना

कॉलेज तुम्हाला पदवी देईल, धंदा तुम्हाला कोर्टातच शिकावा लागेल. नियमांनुसार तीन वर्षांच्या कोर्सला किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते. यातला निम्मा वेळ तालुका कोर्टातल्या दिवाणी वकिलाकडे काढा. मोठ्या शहरातल्या फर्मचं पत्र बायोडेटावर छान दिसतं, पण दाव्याचं मसुदापत्र, कोर्ट फी स्टॅम्प, नकलेचा अर्ज, बेलीफाकडून समन्स बजावणी ही साखळी तालुक्यातच डोळ्यांनी दिसते.

आपल्याकडचं निम्मं काम जमिनीचं आणि वाटणीचं. म्हणून हिंदू उत्तराधिकार कायदा लवकर हातात घ्या. मुलींच्या हक्काचंच उदाहरण घ्या. महाराष्ट्राने आणि कर्नाटकाने १९९४ मध्ये आपापल्या दुरुस्त्या करून मुलीला सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध वाट्याचा, हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला आली आणि ती अट गेली. त्या दिवशी वडील जिवंत असायला हवेत का, यावर पंधरा वर्षं उलटसुलट निकाल येत राहिले. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत. आता तुमच्याच भाऊबंदकीतली एक वाटणी घ्या आणि या चार तारखा तिला लावून बघा. पुस्तकातलं प्रकरण घरात येऊन बसतं.

संविधानासाठी तर आपल्याला उदाहरण शोधायला नकोच. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला अनुच्छेद ३ ने दिलाय, १९५६ चा राज्य पुनर्रचना कायदा त्याखालचा. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला तो अनुच्छेद १३१ खाली. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयींबद्दल ३५०अ, भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या विशेष अधिकाऱ्याबद्दल ३५०ब, आणि शाळा चालवण्याच्या हक्कासाठी ३०. कट्ट्यावर ज्यावर तासन्‌तास भांडण होतं, त्याचा कायदा दोन्ही बाजूंनी मांडून बघा. विरुद्ध बाजूचा युक्तिवाद तुम्हाला तिच्याच वकिलाइतका चांगला मांडता आला, तर वादविवादाची तयारी झाली समजा.

फौजदारी कायद्याची जुनी पुस्तकं थोरल्या भावाकडून किंवा रद्दीतून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता आली, सोबत नागरिक सुरक्षा संहिता ५३१ कलमांची आणि साक्ष्य अधिनियम १७० कलमांचा. त्यापूर्वीच्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच कलमांखाली चालू आहेत, त्यामुळे ३०२ आणि १०३ हे दोन्ही आकडे खुनाचे, हे काही वर्षं डोक्यात ठेवावं लागेल.

वाचायला फुकटात बरंच आहे. केंद्राच्या संकेतस्थळावर सगळे मूळ कायदे, सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांचे मराठी आणि कन्नड अनुवाद, संविधानाची अधिकृत मराठी आवृत्ती, महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश. कर्नाटक उच्च न्यायालयाचं कामकाज थेट प्रक्षेपित होतं. रोज अर्धा तास ऐका. इंग्रजी सुधारेल, आणि न्यायमूर्ती वकिलाला कुठे अडवतात तेही कळेल.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे निमविधी स्वयंसेवक म्हणून नाव द्यायला लॉचे विद्यार्थी चालतात. गावोगावच्या शिबिरांत फिरणं होतं, ओळखी होतात, आणि उद्याचे अशील कोणत्या भाषेत बोलतात ते कानावर पडतं.

सनद आणि बार परीक्षा

पदवीनंतर ज्या राज्यात मुख्यतः वकिली करणार तिथल्या बार कौन्सिलकडे नोंदणी करायची: कर्नाटकासाठी बेंगळूर, महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबई. एका वेळी एकाच यादीत नाव ठेवता येतं. शुल्काबाबत सावध राहा. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २४ प्रमाणे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांहून जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क लागू असेल तर तेवढं वेगळं. त्याआधी कित्येक राज्यांत हा आकडा दहा-पंधरा हजारांच्या पलीकडे होता. ‘सगळे भरतात’ म्हणून कोणी जादा रक्कम मागितली तर पावती आणि नियम मागा.

नोंदणीनंतर तात्पुरती सनद मिळते आणि दोन वर्षांत अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावं लागतं. १०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला सर्वसाधारण आणि ओबीसींना ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ४० टक्के. मूळ कायद्याची पुस्तकं नेता येतात, टिपा लिहिलेली चालत नाहीत. मराठीत आणि कन्नडमध्येही ही परीक्षा देता येते. पुस्तक समोर आहे म्हणून निवांत राहिलेले नापास होतात, कारण कलम शोधण्यातच वेळ जातो. अनुक्रमणिका पाठ असायला हवी.

कोटाबद्दल एक गोष्ट, कारण पहिल्या महिन्यात खिसा रिकामा असतो. गाऊन सर्वोच्च आणि उच्च न्यायालयातच सक्तीचा आहे, खाली ऐच्छिक. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत काळ्या कोटाचीही सक्ती नसते. शिवायला टाकण्याआधी सीनियरला विचारा.

पहिली तीन वर्षं

ज्युनियरला सुरुवातीला मिळतं ते पेट्रोलला पुरतं, असं जुने वकील हसत सांगतात. हसण्यासारखं त्यात काही नाही. गरीब घरातली हुशार मुलं याच वर्षांत वकिली सोडून जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी सूचना केली, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. सीनियर निवडताना नाव किती मोठं यापेक्षा तो ज्युनियरला उभं राहून बोलू देतो का, मसुदा तपासून परत देतो का, हे बघा. आणि पैशाचं पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारा. यात उद्धटपणा नाही. कर्नाटकात मागासवर्गीय कायदा पदवीधरांसाठी प्रशिक्षणकाळात शिष्यवेतनाची सरकारी योजना आहे. जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात चौकशी करा, अर्जाची मुदत कोणी घरी येऊन सांगत नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या बचाव वकील योजनेतल्या सहाय्यक पदाला तीन वर्षांच्या आतले वकील अर्ज करू शकतात. मानधन ठरलेलं आणि फौजदारी काम भरपूर.

न्यायाधीश व्हायचं असणाऱ्यांनीही ही वर्षं धरूनच चालावं. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सिव्हिल जजच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षं वकिलीची अट परत आणली, आणि ती वर्षं तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजायला सांगितली. म्हणजे नोंदणी लांबवू नका, आणि ज्या दाव्यांत हजर राहाल त्यांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून वहीत ठेवा. अनुभवाचा दाखला मागताना त्या लागतील. महाराष्ट्रातली परीक्षा देणाऱ्याला मराठी आणि कर्नाटकातली देणाऱ्याला कन्नड यायलाच हवं. दोन्ही येणारे उमेदवार आपल्याच भागात निघतात.

कोर्टाबाहेरही वाटा आहेत. बँकांत विधी अधिकारी, सरकारकडे सहायक सरकारी अभियोक्ता, लष्कराची जॅग, म्हणजे कायदा शाखा. जॅगला एलएलबीत किमान ५५ टक्के आणि क्लॅटची पदव्युत्तर परीक्षा लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, घरटी एक फौजी, तरी या शाखेची माहिती आपल्या मुलांना फार कमी. मात्र पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते आणि बार कौन्सिलला कळवावं लागतं. नोटरी व्हायला साधारण उमेदवाराला १० वर्षं वकिली लागते. स्त्रिया, ओबीसी आणि अनुसूचित जाती-जमातींना ७.

आणि सीमाभागात नेहमी विचारली जाणारी शेवटची गोष्ट: कर्नाटकाची सनद घेतली आणि लग्न होऊन किंवा कामासाठी कोल्हापूरला गेलो तर? ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३० प्रमाणे देशातल्या कुठल्याही यादीतला वकील कुठेही काम चालवू शकतो. काही उच्च न्यायालयांच्या नियमांत स्थानिक वकिलाच्या साथीने वकीलपत्र दाखल करायची अट असते, ती तेवढी पाहावी. कायमचंच जायचं असेल तर कलम १८ खाली नाव एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या यादीत हलवता येतं. अर्ज बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे करायचा, कायद्याने त्याला शुल्क नाही आणि ज्येष्ठताही जात नाही. शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित असेल तर मात्र हा अर्ज अडतो.